पिवळं पाणी आणि अर्धवट केसिंग: सोलापुरातल्या एका बंद डाय हाऊसचं प्रकरण

मालकाचा बेत सरळ होता. जेसीबी लावून मीटरभर माती उचलायची, ट्रॅक्टरनं कुठंतरी लांब टाकून यायची, वर चांगला मुरूम पसरून रोलर फिरवायचा आणि निवासी प्लॉट पाडायला घ्यायचे. त्याने ही जागा बँकेच्या लिलावात घेतलेली. अशा लिलावात जागा 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवरच मिळते. ती 'जशी आहे' म्हणजे नेमकी कशी, हे कोणी विचारत नाही. इथं ते विचारण्याची वेळ आली, कारण रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या बोअरला पिवळसर पाणी यायला लागलं आणि सोसायटीने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज दिला.

आधी एक खुलासा. हे कुठल्या एकाच जागेचं हुबेहूब वर्णन नव्हे. अक्कलकोट रोड परिसरात अशा जागा जशा असतात, तशी ही एक जोडून मांडली आहे. माणसं, अंतरं, बोअरची खोली आणि नमुन्यांचे आकडे उदाहरणापुरते धरावेत. खडक, रसायनं, मर्यादा आणि कायदा मात्र खरा आहे.

कारखाना काय होता

सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी उभी राहिली. तिला आजही 'जुनी मिल' म्हणतात. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. धंदा मात्र संपला नाही, तो फुटून यंत्रमागांच्या शेडमध्ये, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत आणि त्यांना रंगीत सूत पुरवणाऱ्या छोट्या डाय हाऊसांत गेला. तपास करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. मोठ्या गिरणीचे निदान नकाशे, स्टोअरची रजिस्टरं, जुने फोटो कुठेतरी सापडतात. छोट्या डाय हाऊसचं सगळं रेकॉर्ड डाइंग मास्तरच्या डोक्यात आणि खिशातल्या डायरीत. कारखाना बंद झाला की डायरी रद्दीत जाते.

ही जागा साधारण एकराची. एका बाजूला सूत रंगवायची शेड, मागे बॉयलर, त्यामागे सांडपाण्याची दगडी टाकी आणि शोषखड्डा. मध्यभागी कारखान्याची स्वतःची बोअर, कारण रंगाईला पाणी लागतं आणि सोलापुरात नळाचं पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत आलंय. त्याच कारणाने आजूबाजूच्या प्रत्येक घराला, सोसायटीला बोअर आहे. पिण्याला उजनीचं पाणी, बाकी सगळं बोअरचं. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरते.

मालकाने आधीच एक अहवाल करून घेतला होता. जागेवर चौकटी आखून मातीचे नमुने घेतलेले आणि सगळीकडे एकूण क्रोमियम किलोला शंभर ते दोनशे मिलिग्रॅमच्या दरम्यान. शेजारी कॅनडाची निवासी जमिनीसाठीची ६४ मिलिग्रॅमची मर्यादा छापून प्रत्येक नमुन्यापुढे लाल शिक्का मारलेला. मालक घाबरला तो या लाल रंगाला, आणि सगळीच माती उचलायचा बेत त्यातूनच निघाला.

आम्ही तपासाला उतरलो तेव्हा हा अहवाल बाजूला ठेवावा लागला. आपल्या पायाखाली बसाल्ट आहे आणि बसाल्टमध्ये क्रोमियम मुळातच असतं, किलोला शंभर मिलिग्रॅमच्या घरात सहज. त्याच खडकापासून झालेल्या काळ्या मातीतही ते उतरतं. त्या मर्यादेने मोजायला गेलं तर ज्या शेतात कधी कारखान्याची सावली पडली नाही, तिथली मातीही नापास होईल. हे नैसर्गिक क्रोमियम ऑक्सिडेशनच्या तिसऱ्या अवस्थेतलं, खनिजात बांधलेलं, जागेवरून न हलणारं. धोका असतो सहाव्या अवस्थेतल्या, हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा. ते पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर चालतं, त्याची धूळ आणि वाफ फुप्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरते हे पक्कं सिद्ध झालंय. एकूण क्रोमियमच्या एका आकड्यावर कोणी जमीन साफ करायला निघालं तर त्याला खडकापर्यंत खणत जावं लागेल, आणि खडकही नापासच होईल.

मास्तर काय बोलले

मग विचारायचं कुणाला? जुना चौकीदार अजून तिथंच राहात होता. त्याने डाइंग मास्तरचा पत्ता दिला. मास्तर आता सत्तरीपुढचे, पूर्व भागात मुलाकडे राहतात. जागेवर आले, आम्ही टाकीजवळ ऑगरने भोकं पाडत होतो ते पाहिलं आणि म्हणाले, "मालक, तुमी चुकीच्या जागी भोकं पाडायलाव."

सोलापुरात सगळ्यांनाच मालक म्हणतात, तेव्हा त्यात मानापमान काही नव्हता.

"टाकीत काय नव्हतं," ते म्हणाले. "टाकीत रंगाचं पाणी जायचं. काळं दिसतं म्हणून लोक त्यालाच भ्यायचे. बायक्रोमेटचे ड्रम त्या लिंबाखाली फोडायचो. निम्मं बादलीत, थोडं खाली. पाऊस पडला की तिथनं पिवळी धार लागायची, थेट बोअरच्या खड्ड्यात."

बायक्रोमेट म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियमचाच क्षार. तो कशाला, हे रंगाईतल्या माणसाला सांगायला नको. सल्फर ब्लॅकसारखे आणि व्हॅट जातीचे रंग सुतात शिरताना क्षपण (ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया) झालेल्या, विरघळलेल्या रूपात असतात. सुतात बसल्यावर त्यांचं पुन्हा ऑक्सिडेशन करावं लागतं, तेव्हा रंग पक्का होतो. त्यासाठी पूर्वी बायक्रोमेट आणि ॲसेटिक ॲसिड वापरत. आता बहुतेक ठिकाणी हायड्रोजन पेरॉक्साइड आलं. मास्तरांच्या काळात बायक्रोमेट स्वस्त होतं आणि रंगाची खात्री देत होतं.

बोलताना त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर गोल, काठ उंच आणि मध्ये खोल असे जुने वण. क्रोमने पडलेल्या जखमांचे वण असेच दिसतात. "तवा काय हातमोजे, काय नाय. दुखत नसायचं, पर भरायचंबी नाय," एवढंच म्हणाले आणि लिंबाकडे चालायला लागले.

या एका फेरफटक्याने तपासाचा आराखडा बदलला. चौकटीवार नमुने बंद करून आम्ही चार ठिकाणं धरली: लिंबाखालचा ड्रमचा ओटा, तिथून बोअरकडे जाणारा उतार, बोअरभोवतीचा खड्डा आणि सांडपाण्याची टाकी. शिवाय चढाच्या बाजूची एक विहीर, तुलनेसाठी. ही तुलनेची विहीर लोक टाळतात, कारण तिचा खर्च 'फुकट' वाटतो. पण सोलापूरच्या बोअरचं पाणी मुळातच जड असतं, वस्तीतल्या गटारांमुळे नायट्रेटही चढलेलं असतं. पाण्यातला प्रत्येक दोष कारखान्याच्या नावावर मांडला तर खरा दोष कोर्टात टिकत नाही.

नमुना घेण्याची पद्धत इथं महत्त्वाची. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालतात. हेक्साव्हॅलंटच्या बाटलीत ते घालायचं नाही, कारण आम्लात हेक्साव्हॅलंट क्रोमियम तिसऱ्या अवस्थेत जाऊ शकतं आणि आकडा आपोआप चांगला येतो. ही बाटली गाळून, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत तपासायची. म्हणजे दिवसा नमुने, रात्रीच्या गाडीने पुण्याला. जागेवर झटपट खात्री करायला डायफेनिल कार्बाझाइडची चाचणी आहे: आम्ल केलेल्या पाण्यात दोन थेंब टाकले की हेक्साव्हॅलंट क्रोमियम असेल तर जांभळट गुलाबी रंग उमटतो. टाकीजवळच्या भोकातल्या पाण्याला रंग आलाच नाही. लिंबाखालच्या मातीच्या अर्काची नळी मात्र थेंब पडताक्षणी गडद जांभळी झाली, इतकी की तो अर्क कितीतरी पट पातळ करून पुन्हा करावी लागली.

टाकी साफ निघण्याचं कारणही रसायनातच होतं. सल्फर रंगाचं सांडपाणी सल्फाइडने भरलेलं असतं, म्हणूनच त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. सल्फाइड हे क्षपणकारक. टाकीत पोचलेलं बायक्रोमेट तिथंच तिसऱ्या अवस्थेत जाऊन गाळात बसलं. ज्या काळ्या, घाण वासाच्या पाण्याला सगळे नावं ठेवत होते, त्याने क्रोमियमपुरतं तरी स्वतःचं काम केलेलं. गाळ धोकादायक कचरा म्हणून उचलावाच लागला, पण तो भूजलात गेलेला नव्हता.

पाणी कुठून गेलं

प्रयोगशाळेचे आकडे असे धरू. तुलनेच्या विहिरीत क्रोमियम मोजता येणार नाही इतकं कमी. कारखान्याच्या बोअरमध्ये लिटरला ४ मिलिग्रॅम. सोसायटीच्या बोअरमध्ये १.२. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. पिवळेपणा डोळ्याला जाणवतो तो साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या वीसपट झाल्यावर. सोसायटीच्या लोकांनी 'पाणी पिवळं दिसायला लागलं तेव्हा बंद केलं' असं सांगितलं, तेव्हा हा हिशेब त्यांना समजावणं अवघड गेलं. एका काकूंनी विचारलं, "मग त्याच्या आधी आम्ही काय वापरत होतो?" भांडी, आंघोळ, फरशी यांनाच वापरत होते, पिण्याला नाही. पण प्रश्न बरोबरच होता.

सगळ्यांना कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच. कारखान्याला अगदी लागून असलेल्या वर्कशॉपची बोअर स्वच्छ होती, आणि दीडशे मीटरवरची सोसायटीची बोअर पिवळी. कागदावर वर्तुळ काढून 'एवढ्या अंतरात धोका' असं सांगायची सवय असलेल्यांची इथं फजिती होते. दख्खनच्या खडकात पाणी वर्तुळात फिरत नाही. वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगा असलेला खडक, त्याखाली घट्ट काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा थर आणि त्याच्या आगेमागे सच्छिद्र मांजऱ्या खडक. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात साठतं, भेगांतून पळतं. घट्ट पाषाणात ते जवळपास जातच नाही. ज्या बोअरला ती भेग लागली तिला पाणी लागलं, आणि त्या भेगेतलं जे काही असेल तेही लागलं.

काळी माती चिकण आहे, ती धरून ठेवेल, असा एक दिलासा मालकाच्या इंजिनिअरने दिला होता. शिसं, जस्त यांच्याबाबत तो बराचसा खरा ठरतो, कारण चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि या धातूंवर धन. क्रोमेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, स्वतःच ऋणभारी. त्यात इथली माती आम्लारी, सामू आठच्या वर, अशा मातीत क्रोमेटला धरणारं फारसं काही उरत नाही. आणि उन्हाळ्यात त्या मातीला पडणाऱ्या भेगांत हात जातो. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच, पण वळवाच्या पहिल्या सरी या भेगांतून थेट मुरमात उतरतात.

तरीही मुरमातलं पाणी तीस मीटर खालच्या मांजऱ्यात कसं पोचलं, याचं उत्तर मिळत नव्हतं. मध्ये घट्ट पाषाण होता. शेवटी कारखान्याच्या बोअरमधला पंप काढून आत कॅमेरा सोडला. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, सहा मीटरला संपलं. त्याच्या खाली दोन-अडीच मीटरवर खडकाला आडवी भेग, तिच्यातून पाणी झिरपून भिंतीवरून खाली ओघळत होतं आणि त्या ओघळाच्या काठाने पिवळा थर धरला होता. पुढे काळी गुळगुळीत भिंत, आणि तीस मीटरला मांजऱ्या.

म्हणजे निसर्गाने घातलेलं झाकण बोअरनेच फोडलेलं. आपल्याकडे कडक खडक लागला की केसिंग थांबवतात, पुढे उघडी बोअर. केसिंगच्या बाहेरची फट कोणी सिमेंटने बंद करत नाही, तेवढेच पैसे वाचतात. पाणी काढायला ही पद्धत चालते. दूषित जागेवर तीच बोअर वरची घाण खाली नेणारी नळी बनते. कारखाना चालू असताना पंप रोज ओढत होता, म्हणून पिवळं पाणी बोअरच्या बाहेर फार गेलं नाही. कारखाना बंद झाला, पंप थांबला, सोसायटीने आपला पंप सुरू केला, आणि प्रवाहाची दिशा फिरली. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाल्यावर प्रदूषण आत्ताच कसं आलं, या मंडळातल्या प्रश्नाचं उत्तर हेच.

काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

पहिलं काम बोअर बंद करण्याचं. वरून खडी-माती टाकून नाही. तळापर्यंत पाइप सोडून सिमेंट आणि बेंटोनाइटचं (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचं) मिश्रण तळापासून वर भरत आणायचं. सगळ्या कामांत हे सर्वांत स्वस्त होतं आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचं. मालकाला ते पटायला वेळ लागला, कारण पाणी लागलेली बोअर बुजवणं सोलापुरात कुणालाही अशुभ वाटतं.

दुसरं, सोसायटीची बोअर बंद न करता चालू ठेवली, फक्त वापरासाठी नाही. ती थांबवली असती तर पिवळं पाणी पुढच्या बोअरकडे सरकलं असतं. तिथून मोजून पाणी उपसायचं, टाकीत हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) घालून क्रोमियम तिसऱ्या अवस्थेत आणायचं, सामू वाढवून गाळ बसवायचा. हिशेबाने एक किलो हेक्साव्हॅलंट क्रोमियमला सोळा किलो हिराकस लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. सोसायटीला तोवर टँकर. टँकरचं बिल कोणी द्यायचं यावर झालेल्या बैठका क्रोमियमच्या बैठकांपेक्षा लांबल्या.

तिसरं, माती. पूर्ण एकर नव्हे, फक्त ओटा, उतार आणि बोअरचा खड्डा, तिथंही जिथवर हेक्साव्हॅलंट सापडलं तिथवरच. ही माती आणि टाकीचा गाळ रांजणगावच्या सामायिक धोकादायक घनकचरा प्रकल्पात. दोनशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास, प्रत्येक गाडीबरोबर दहा क्रमांकाच्या नमुन्यातलं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचं कागदपत्र. मालकाचा मूळ बेत चालला असता तर किती गाड्या झाल्या असत्या, हे त्याने स्वतःच कागदावर मांडलं आणि आधीच्या अहवालाचे पैसे परत मागायला निघाला.

चौथं काम मुरमात आणि भेगांत उरलेल्या क्रोमियमचं. तिथं जेसीबी पोचत नाही. हिराकसाचं द्रावण आत सोडता येतं, पण आम्लारी, हवेशी संपर्क असलेल्या पाण्यात लोह लगेच गंजासारखं बसतं आणि जिथून सोडलं तीच भेग बुजते. मास्तरांनी सुचवलं, "हायड्रो टाका की. रंग काढायला तेच तर टाकतो." त्यात तथ्य होतं. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, व्हॅट रंगाईतलं रोजचं क्षपणकारक, आणि अमेरिकेत हॅनफर्डला क्रोमेट अडवायला भूजलात तेच सोडलेलं आहे. पण ते हवेत लवकर वाया जातं, साठवायला धोक्याचं आणि मागे सल्फेट ठेवून जातं. इथल्या पाण्यात क्षार आधीच भरपूर.

निवड झाली मळीची. पातळ केलेली मळी भेगांत सोडली की जिवाणू तिच्यावर वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि त्या वातावरणात क्रोमेटचं क्षपण होऊन ते खडकावर बसतं. ही पद्धत जगात अनेक ठिकाणी वापरलेली आहे आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात कच्चा माल दाराशी. अडलं ते परवान्यावर: मळीपासून दारू होते म्हणून तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण आहे. जमीन धुवायला मळी पाहिजे, हे ज्या अर्जात लिहिलं त्यावर साहेबांनी पेन खाली ठेवून बराच वेळ आमच्याकडे पाहिलं.

मळीचा डोस जपून द्यावा लागतो. जास्त झाली तर पाणी काळं पडतं, वास मारतं, खडकातलं लोह आणि मँगनीज विरघळून बाहेर येतं. म्हणून प्रत्येक वेळी क्रोमियमबरोबर मँगनीजही तपासायचं. मँगनीजची इष्ट मर्यादा ०.१ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ०.३.

पैसे कोणाचे

मूळ कंपनी संपलेली, भागीदार विखुरलेले. 'मी तर लिलावात घेतली' हा नव्या मालकाचा बचाव माणूस म्हणून समजतो, पण त्यावर विसंबून राहाण्यासारखी परिस्थिती नाही. राजस्थानातल्या बिछडीला एच-ॲसिड या रंगाच्याच मध्यस्थ रसायनाने विहिरींचं पाणी नासलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकला. त्याने पुढे इतकी वर्षं टाळाटाळ केली की २०११ साली न्यायालयाने ३७ कोटींवर रक्कम चक्रवाढ व्याजासह भरायला लावली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी, मग जबाबदार व्यक्ती शोधून तिच्याकडून खर्च वसूल. तिचा पत्ता नसेल तर सरकारांनी करायचं. कागदावर हे चांगलं आहे. छोट्या डाय हाऊसच्या बाबतीत 'जबाबदार व्यक्ती' बहुतेक वेळा हयात नसेल किंवा दिवाळखोर असेल, त्यामुळे ओझं ज्याला जागा विकायची घाई आहे त्याच्यावरच येणार, असं मला वाटतं. इथं तसंच झालं. मालकाने मंडळाच्या निर्णयाची वाट न पाहता खर्च उचलला, कारण दूषित जागेच्या यादीत नाव गेलं असतं तर प्लॉट विकलेच गेले नसते.

आज काय स्थिती आहे

मे महिन्यात सोसायटीच्या बोअरमध्ये क्रोमियम ०.०५ च्या खाली आलं. मालकाने पेढे वाटायची तयारी केली. ऑक्टोबरच्या नमुन्यात ते पुन्हा ०.३ झालं. पावसाने पाण्याची पातळी मुरमात वर चढली आणि कोरड्या भागात अडकलेलं क्रोमियम धुऊन खाली आलं. उन्हाळ्यातल्या एका नमुन्यावर जागा शुद्ध म्हणून दाखला देणं म्हणूनच चुकीचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते, तोच क्रम इथं धरला. मळीचा दुसरा डोस पावसाळ्याआधी, जूनच्या तोंडावर द्यायचं ठरलंय.

क्षार तसेच राहिले. रंगाईतलं मीठ आणि ग्लॉबर सॉल्ट जमिनीत गेलं ते गेलं, त्यावर मळीचा उपाय नाही. सोसायटीची बोअर बागेला आणि फ्लशला चालेल, पिण्याला कधीच नाही.

प्लॉटच्या खरेदीखतात दोन अटी घालायचा आग्रह आम्ही धरला: एकाही प्लॉटवर बोअर मारायची नाही, आणि निरीक्षणाच्या तीन विहिरी पाच वर्षं बुजवायच्या नाहीत. दुसरी मालकाने मान्य केली. पहिलीवर अजून घासाघीस चालू आहे. नळाला पाणी रोज येत नाही तिथं बोअर नसलेला प्लॉट कोण घेणार, असं त्याचं म्हणणं आहे, आणि त्यावर माझ्याकडे रसायनाचं उत्तर नाही. महापालिकेची नळजोडणी आणि सामायिक टाकी आधी बांधून द्या, मग विक्री करा, एवढं त्याला लेखी कळवलंय.